बायकोचा फोटो जेपीजी करणेबाबत

दुसऱ्या कुणाचा अर्ज परत आला, तर त्या माणसाला वाईट वाटतं. दप्तरींचा अर्ज परत आला तेव्हा त्यांना वाईट वाटलं नाही, अपमान वाटला. एकतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड विभागात बसून त्यांनी लोकांचे अर्ज परत पाठवण्याचंच काम केलं होतं. कुणाची सही चौकटीबाहेर गेलेली, कुणी निळ्याऐवजी काळी शाई वापरलेली, कुणी तारीख उजवीकडे टाकण्याऐवजी डावीकडे टाकलेली. दप्तरी शांतपणे अर्ज खिडकीतून बाहेर सरकवत आणि म्हणत, "नियम मी केलेले नाहीत." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की निरोप समारंभात सहकाऱ्यांनी भाषणात त्याचीच नक्कल केली, आणि दप्तरींना तो आपला गौरव वाटला.

तर अशा माणसाला सार्वजनिक ग्रंथालयाकडून पत्र आलं. त्यांच्या बायकोने त्या ग्रंथालयाच्या बालविभागात सव्वीस वर्षं नोकरी केली होती. ती जाऊन आठ महिने झाले होते. पत्रात म्हटलं होतं की जिन्यालगतच्या भिंतीवर जुन्या कर्मचाऱ्यांचे फोटो लावायचे ठरले आहे. फोटो ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर चढवावा. तो जेपीजी स्वरूपात, दोनशे केबीच्या आत, एकाच व्यक्तीचा आणि ओळख पटेल असा चेहरा असलेला असावा. मुदत शुक्रवारी सायंकाळी पाच. संधी तीन. मुदतीत योग्य फोटो न आल्यास कार्यालयातील ओळखपत्रावरचा फोटो लावण्यात येईल.

शेवटचं वाक्य वाचून दप्तरी खुर्चीत सरळ बसले.

त्या ओळखपत्राबद्दल थोडं सांगायला हवं. नोकरीच्या पहिल्या दिवशी फोटोवाल्याने बाईंना सांगितलं होतं, डोळे मिटू नका. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की फोटोत त्या एखाद्या पाकीटमारासारख्या दिसत होत्या, ज्याचा हात अजून दुसऱ्याच्या खिशात आहे. सव्वीस वर्षं त्यांनी ते कार्ड गळ्यात उलटं घातलं. इस्पितळातल्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी नवऱ्याला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, गॅसचं बटण नीट बंद करत जा. आणि दोन, "मला कुठे भिंतीवर टांगायची वेळ आली तर तो फोटो नको हं. मुलं पुस्तकं परत करायला यायची नाहीत."

दप्तरी "बरं" म्हणाले होते. त्यांनी जन्मात कुणाला तोंडी आश्वासन दिलं नव्हतं. आता त्यांच्या लक्षात येत होतं की तोंडी आश्वासनाची नोंद कुठेच नसते, त्यामुळे ते रद्दही करता येत नाही.

दुसरा फोटो होता. मुलगी दूरच्या शहरात राहायची. दोन वर्षांपूर्वी ती आली असताना तिने तिच्या फोनवर काढलेला. त्यात बाई तोंड भरून हसत होत्या. पत्राचं कळल्यावर मुलीने तो लगेच पाठवून दिला. दप्तरींनी कॉम्प्युटरवर फाईल पाहिली. नावाच्या शेवटी टिंब होतं आणि पुढे जेपीजीऐवजी एचईआयसी.

आता, कचेरीत दप्तरींचा एक सिद्धांत होता आणि तो एकतीस वर्षांत एकदाही खोटा ठरला नव्हता. फाईल म्हणजे फाईलीवरचं लेबल. वर 'पाणीपुरवठा' लिहिलेलं असलं की आत कुणाच्या मुलीची लग्नपत्रिका का असेना, ती पाणीपुरवठ्याची फाईल. तिला पाणीपुरवठ्याच्या कपाटात जागा मिळते, पाणीपुरवठ्याचे शेरे मिळतात, आणि सात वर्षांनी ती पाणीपुरवठ्याची म्हणूनच रद्दीत जाते. आत काय आहे हे बघणं रेकॉर्ड विभागाचं काम नव्हे. मुळात ते कुणाचंच काम नव्हे, पण हे ते उघड बोलत नसत.

त्यांनी एचईआयसी पुसलं आणि जेपीजी लिहिलं.

कॉम्प्युटरने विचारलं, असं केल्याने फाईल निकामी होऊ शकते, खरंच बदलायचं आहे का? दप्तरींना प्रश्न आवडला. लोकांना घाबरवण्यासाठी ते स्वतः असंच विचारत. त्यांनी 'होय' दाबलं. फाईल उघडून पाहिली तर बाई पहिल्यासारख्याच हसत होत्या. संकेतस्थळावर चढवली तर हिरवी खूण आली. सगळा मामला दीड मिनिटात आटोपला. एवढ्यासाठी लोक कॉम्प्युटरच्या क्लासला जातात म्हणून दप्तरींनी मनातल्या मनात लोकांची कीव केली आणि दुपारची झोप काढली.

दुसऱ्या दिवशी मेल आली. "आपण सादर केलेली फाईल जेपीजी नसून तिला केवळ तसे नाव देण्यात आल्याचे आढळले. संधी क्रमांक एक बाद."

"आढळले" हा शब्द दप्तरींना लागला. तो त्यांच्याच भाषेतला शब्द होता. बनावट दाखला जोडणाऱ्यांच्या अर्जावर ते स्वतः तो लिहीत असत.

घरात कुणी अपमान केला तर माणूस गप्प बसतो, सरकारने केला तर जिन्यात जाऊन बोलतो. ग्रंथालय हे निमसरकारी, म्हणून दप्तरी दार अर्धं उघडून दारातच उभे राहिले. वरच्या मजल्यावरचे विमावाले खाली उतरत होते. हे गृहस्थ लोकांना मरणाच्या तयारीला लावून स्वतः दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत.

"एवढंच ना?" सगळं ऐकून विमावाले म्हणाले. "साहेब, तुमच्या फोनवर काढलेले फोटो जेपीजी असतात की नाही?"

"असतात म्हणे."

"मग स्क्रीनवर फोटो उघडा, आणि फोनने त्या स्क्रीनचाच फोटो काढा. आपोआप जेपीजी. मी सगळ्या क्लायंटचे कागद असेच घेतो."

"ते चालतात?"

"चालतात की. क्लेम आला की मगच बघतात."

सिद्धांत दप्तरींच्याच जातीचा होता, त्यामुळे पटला. त्यांनी स्क्रीनचा फोटो काढला. बाईंच्या चेहऱ्यावर उभ्या-आडव्या रेघा आल्या, जणू त्या जाळीच्या खिडकीमागे बसल्या आहेत, आणि त्यांच्या कपाळाच्या बरोबर मध्यावर दप्तरींचं टक्कल उमटलं. त्यांनी खोलीतला दिवा बंद करून पुन्हा काढला. टक्कल गेलं, चष्मा आला. डोक्यावर चादर घेऊन तिसऱ्यांदा काढला. तेवढ्यात समोरच्या वहिनी उघड्या दारातून आत आल्या आणि भर दुपारी चादर पांघरून कॉम्प्युटरपुढे बसलेले दप्तरी पाहून तिथेच थबकल्या.

"भावजी, बरं नाही का?"

"जेपीजी करतोय," दप्तरी चादरीतून म्हणाले.

वहिनींनी चादर काढायला लावली, पाणी प्यायला लावलं, आणि मग पदरचा सल्ला दिला. "एक फुकटची साईट आहे. आमच्या ह्यांचे सगळे फोटो मी तिथेच करते. फोटो तिकडे द्यायचा, जेपीजी होऊन परत येतो."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"मला काय माहीत? असेल कुठेतरी."

"आणि तिकडे कोण असतं?"

"भावजी, मशीन असतं. परत येतो म्हटलं ना."

"तिला असं कुठेतरी एकटीला पाठवायचं नाही," दप्तरी म्हणाले. "ती रस्ता ओलांडतानासुद्धा माझी बाही धरायची."

वहिनी चादरीची घडी घालू लागल्या. घडी ठेवून म्हणाल्या, "मग लेकीला विचारा. विचारलं म्हणून काही कमी होत नाही माणूस." नेमकं तेच होतं अशी दप्तरींची समजूत होती, पण गुरुवार उजाडला आणि समजुतीपेक्षा मुदत मोठी झाली.

"बाबा, तुम्ही नाव बदललंत?" मुलीने फोनवर विचारलं.

"दुरुस्ती केली."

"पाटी बदलून दुकान बदलत नाही, बाबा."

"आमच्याकडे बदलायचं."

"हो, माहितीये मला. आता ऐका. काही डाउनलोड करायचं नाही, कुठल्या साईटवर जायचं नाही. सगळं तुमच्या कॉम्प्युटरमध्येच आहे. पेंट उघडा."

"मला रंगवायचं नाहीये."

"रंगवायचं नाही. फोटो पेंटमध्ये उघडा. उघडला? फाईलवर जा. सेव्ह नाही, सेव्ह ॲज. तिथे यादी येईल, त्यात जेपीजी निवडा. झालं."

दप्तरी यादीपर्यंत पोचले. यादीत सगळ्यात वर पीएनजी होतं. कुठल्याही यादीत पहिलं नाव वरिष्ठाचं असतं हे एकतीस वर्षांचं वळण. बोट तिथेच गेलं. मुलीला घाई होती, तिने फोन ठेवला होता. दप्तरींनी वरिष्ठ फाईल संकेतस्थळावर चढवली. या वेळी संकेतस्थळाने दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहिली नाही. लाल अक्षरांत लिहून आलं, संधी क्रमांक दोन बाद.

त्यांनी पुन्हा फोन लावला. आपली चूक त्यांनी अशा सुरात सांगितली की ऐकणाऱ्याला ती यादी करणाऱ्याची वाटावी. मुलीने या वेळी फोन धरून ठेवला. जेपीजी झाली, अगदी सहज. इतकी सहज की दप्तरींना शंका आली, की ह्यात कुणाची मंजुरीच कशी लागली नाही.

"आता दोन कामं," मुलगी म्हणाली. "फाईल तीन एमबीची आहे, ती लहान करायची. आणि बाबा, तुम्हाला काढावं लागेल."

"कुठून?"

"फोटोतून. एकाच व्यक्तीचा हवाय ना."

फोटोत दोघं होते. बाई हसता हसता नवऱ्याच्या खांद्यावर कलल्या होत्या आणि नवरा समोर बघत, पासपोर्ट काढायला आल्यासारखा बसला होता. दप्तरींनी बिनदिक्कत स्वतःला कापायला घेतलं. आधी कान गेला, मग नाक, मग उरलेला चेहरा. काही वाटलं नाही. त्या चेहऱ्याचं पुढे काही काम पडेल असंही त्यांना वाटत नव्हतं. पण खांद्यापाशी अडलं. खांदा कापला की बाईंचा डावा कान जात होता, कानातल्यासकट. कान ठेवला की खांदा राहत होता. चार वेळा केलं, चार वेळा तेच. शेवटी त्यांनी खांदा ठेवला.

"राहू द्या तेवढा," मुलगी म्हणाली. "आता रिसाइझ. रुंदीत तीस टक्के टाका. आणि तिथे प्रमाणाची एक चौकट आहे, तिच्यातली खूण—"

इथे फोन कट झाला. वाक्य अर्धवट राहिलं की दप्तरी ते नियमाप्रमाणे पूर्ण करत. खूण म्हणजे काढायची असणार, लावायची असती तर आधीच लावलेली कशी असेल? त्यांनी खूण काढली. चुकून उंचीत तीस टाकलं, रुंदी तशीच राहून गेली.

बाई आडव्या झाल्या. म्हणजे पसरल्या. हनुवटी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि हसणं एखाद्या दुकानाच्या पाटीसारखं लांबट झालं. बावीस वर्षं ही बाई वजन कमी करायला रोज सकाळी चालली होती. दप्तरींनी एका बटणात सगळं पाण्यात घातलं. त्यांनी घाईघाईने मागे घेतलं, खूण पुन्हा लावली, तीस टाकलं आणि बाई मूळच्या अंगकाठीवर आल्या. सेव्ह ॲज. एकशे ऐंशी केबी. दप्तरींनी मान डोलावली.

पण कचेरीची सवय अशी, की कुठलाही कागद एकटा ठेवायचा नाही. रुंद बाईंचीही एक प्रत मधल्या काळात त्यांच्या हाताने जतन झाली होती. एका फाईलीचं नाव 'अंतिम', दुसरीचं 'अंतिम सुधारित', तिसरीचं 'सुधारित अंतिम', आणि एक नुसतीच 'कायम'. शुक्रवारी दुपारी पुन्हा आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून त्यांनी 'अंतिम सुधारित' चढवली. हिरवी खूण आली. "आपला फोटो स्वीकारण्यात आला आहे. यापुढे बदल करता येणार नाही." खाली फोटो दिसू लागला.

रुंद.

पाकीटमार टळला होता. आता त्या जागी सव्वीस वर्षांच्या नोकरीत एक दिवसही न दिसलेली एक अनोळखी जाड बाई कायमची टांगली जाणार होती, आणि जिना चढणारं प्रत्येक मूल तिला बघून हसणार होतं. त्यांनी पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि निघाले. विमावाल्यांनी जिन्यात विचारलं, "झालं का जेपीजी?" दप्तरींनी उत्तर दिलं नाही. असल्या प्रश्नांना कचेरीतही उत्तर देत नसत, पण तेव्हा मजा यायची.

ग्रंथालयाच्या खिडकीत एक मध्यमवयीन कारकून बसले होते. समोर तीन पेनं एका रेषेत लावलेली. दप्तरींना माणूस बघताक्षणी ओळखीचा वाटला. म्हणजे व्यक्ती नव्हे, जात.

"स्वीकारलेला फोटो बदलता येत नाही," कारकून म्हणाले.

"तो बिघडलेला आहे."

"बिघडलेला असेल. स्वीकारलेला आहे."

"माघारी घेतो."

"माघारीचा अर्ज असतो." कारकुनांनी एक छापील कागद बाहेर सरकवला. "ह्यावर संबंधित कर्मचाऱ्याची सही लागेल."

दप्तरींनी कागद वाचला. मग परत वाचला. "संबंधित कर्मचारी हयात नाही," ते म्हणाले.

"मग त्यांचं संमतीपत्र."

"हयात नाही म्हटलं."

"आधी घेऊन ठेवलेलं असेल तर." कारकुनांनी पेन सरळ केलं. "काका, नियम मी केलेले नाहीत."

जगातल्या कुठल्याही वाक्याला दप्तरींकडे उत्तर होतं, ह्याला नव्हतं. ह्याला उत्तर नाही म्हणून तर त्यांनी ते एकतीस वर्षं वापरलं होतं. एका म्हाताऱ्याला त्यांनी एकदा ह्याच सुरात वडिलांच्या जन्माचा दाखला आणायला सांगितला होता. तो म्हातारा खिडकीपाशी बराच वेळ नुसता उभा राहिला होता. तो का उभा आहे हे तेव्हा दप्तरींना कळलं नव्हतं. आता ते स्वतः तसेच उभे होते आणि मागची रांग खाकरत होती.

"तुम्ही एकदा तो फोटो बघा," ते शेवटी म्हणाले. "नुसता बघा. बघण्याला अर्ज नसेल."

कारकुनांनी नाइलाजाने फाईल उघडली. स्क्रीनवर रुंद बाई आल्या. कारकून पुढे वाकले, मग खुर्ची मागे सरकवली.

"ह्या बालविभागातल्या बाई?"

"हो."

"मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर होतो. बाई अशा नव्हत्या."

"तेच सांगतोय."

"त्या हसायच्यासुद्धा?"

"घरी हसायच्या."

"आम्हाला तर पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून—" कारकून थांबले. मग बराच वेळ त्यांनी नियमावली चाळली. ज्या सावकाशीने चाळली, ती दप्तरींनी ओळखली. नियम शोधताना माणूस भरभर चाळतो. वाट शोधताना सावकाश. "माघार होणार नाही," कारकून पुटपुटले. "बदल होणार नाही. पण चेहऱ्याचं प्रमाण बिघडलेलं असल्यास कार्यालय फोटो नाकारू शकतं. आणि कार्यालयाने नाकारला, तर मुदतीत नवा द्यायची एक संधी कार्यालयाच्या खात्यातून मिळते. मग तुमच्या तीन संधींचा प्रश्न येत नाही."

"नाकारा," दप्तरी म्हणाले.

"आम्ही नाकारला तर तशी नोंद राहते, काका."

"राहू द्या. कृपा करून नाकारा."

एखादा अर्ज परत आला म्हणून आनंदाने हात जोडणारा माणूस दप्तरींनी आजवर पाहिला नव्हता. कारकुनांनी नाकारला. दप्तरींनी पेन ड्राइव्ह पुढे केला. कारकून म्हणाले, बाहेरचा पेन ड्राइव्ह चालत नाही. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो लावला. आतल्या चार फाइली बघून विचारलं, "ह्यातली खरी कुठली?"

"नावावर जाऊ नका," दप्तरी म्हणाले. "उघडून बघा."

'सुधारित अंतिम' उघडली. बाई हसत होत्या, आपल्या मापाच्या. कारकुनांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. मग त्यांच्यातला कारकून जागा झाला.

"हा खांदा कुणाचा?"

"माझा."

"फोटो एकाच व्यक्तीचा हवा."

"एकाच व्यक्तीचा आहे."

"मग हे काय?"

"खांदा," दप्तरी म्हणाले. त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी खिडकीच्या आतल्या बाजूचा झाला. "व्यक्ती म्हणजे चेहरा. तुमच्या पत्रात ओळख पटेल असा चेहरा म्हटलंय. ह्या खांद्यावरून कुणाची ओळख पटते का ते सांगा. पटत असेल तर कापतो."

"कापलात तर?"

"तर तिचा कान जातो."

घड्याळात पाचला सात मिनिटं होती. रांगेतल्या कुणीतरी विचारलं, खिडकी बंद झाली का. कारकुनांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी रजिस्टर ओढलं, मधलं पेन उचललं आणि बाईंच्या नावापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागले. रजिस्टर उलटं होतं, पण एकतीस वर्षं लोकांचे कागद उलटे वाचलेल्या माणसाला त्याचं काही नव्हतं.

"खांदा पतीचा," दप्तरींनी वाचलं. "हरकत नाही."

कारकुनांनी सही केली आणि रजिस्टर मिटायला हात घातला.

दप्तरींनी खिडकीतून बोट आत घातलं आणि पान धरून ठेवलं. "खाली तारीख राहिली," ते म्हणाले. "उद्या कुणी म्हणेल, मागाहून लिहिलंय."

कारकुनांनी तारीख टाकली.